एकशे दहावर लावलेला ढोल

अंकिताचे पहिले चौदा ठोके सलग चुकले तेव्हा चन्नवीर दिवाणावर बसून चहात खारी बुडवत होता, आणि खरं सांगायचं तर त्याला मनातल्या मनात बरंच वाटलं. पोरगी चार महिन्यांनी पुण्याहून आली होती, आणि ढोलावर तर दोन वर्षांनी बसत होती. नोकरी लागली, सराव सुटला, चुकणारच की. दुपारचे तीन वाजले होते, सुट्टीचा दिवस, बायको शिवलीला आत डाळ निवडत होती. पीसीच्या पडद्यावर त्या जपानी ढोलाच्या खेळाचे लाल-निळे गोळे उजवीकडून सरकत येत होते. गोळा डावीकडच्या कड्यात शिरला रे शिरला की ढोलावर ठोका मारायचा. लाल असला तर मधोमध, निळा असला तर काठावर. एवढाच खेळ. ठोका नेमका बसला की सोनेरी अक्षर उमटायचं, थोडा इकडेतिकडे झाला की पांढरं, चुकला की निळसर. ती जपानी अक्षरं घरात कुणालाच वाचता येत नव्हती, रंग मात्र तिघांनाही पाठ होते. अंकितानं पंधरावा ठोका मारला, तोही निळसर. मग तिनं गाणं मधेच थांबवलं, की-बोर्ड पुढे ओढला आणि सेटिंगचं पान उघडलं. "पप्पा, ऑफसेट एकशे दहावर कुणी नेला?" चन्नवीरनं खारी तोंडात टाकली. "मीच नेला. तुझा पीसी लई रखडायलाय. ठोका मारला की त्याला उशिरा कळतंय."

हे ऑफसेटचं शहाणपण त्याला तिनंच शिकवलं होतं. हा खेळ मुळात मॉलमधल्या कपाटाएवढ्या यंत्रावरचा. पुण्यात होस्टेलच्या पोरींबरोबर ती एकदा खेळली आणि खुळावून परत आली. मग तिनं कुठून कुठून काय उतरवून घेतलं, एमुलेटर का काय तो बसवला, आणि जुनाट पीसीला तू मॉलमधलं यंत्रच आहेस असं पटवून दिलं. पण घरच्या पीसीत आवाज, चित्र आणि ठोका यांत थोडं मागंपुढं होतंच. सेकंदाचे हजार भाग केले तर त्यातले पाच-पंचवीस भाग. तेवढा उशीर आकडा टाकून भरून काढायचा, तोच ऑफसेट. तिनं तो वीसवर ठेवला होता. आता तिनं फोन काढला, ढोल आणि पडदा दोन्ही दिसतील असा उशीला टेकवला, सावकाश चालणारं चित्रीकरण लावलं आणि तीन-चारदा काठी मारून पाहिली. चित्र मागं-पुढं सरकवत तिनं बोटांवर काहीतरी मोजलं. "पीसी कुठं रखडतोय? वीसच पायजे." तिनं आकडा वीसवर आणला, गाणं लावलं, आणि सोनेरी, सोनेरी, सोनेरी असा नुसता सडा पडला. गाणं संपल्यावर तिनं काठ्या बापाकडे केल्या. "या, आता तुमी मारा."

चन्नवीर ऐटीत उठला. गाणं सोपं होतं, त्याच्या हातातलं. पहिला गोळा आला, त्यानं मारला, पांढरं. दुसरा, पांढरं. तिसरा निळसर. खाली एक बारीक पट्टी असायची, ठोका लवकर पडला तर डावीकडे रेघ, उशिरा पडला तर उजवीकडे. सगळ्या रेघा उजवीकडे गोळा व्हायला लागल्या, आणि त्याही एका जागी, कुणी पट्टी धरून मारल्यासारख्या. त्यानं दात आवळले. जाणूनबुजून लवकर मारायला गेला तर दोन ठोके सोनेरी झाले आणि पुढचे चार वाऱ्यावर गेले. त्यानं डोळे मिटून नुसत्या कानावर मारून पाहिलं. डोळे उघडले तर रेघा आणखी उजवीकडे. अंकिता हसत होती, त्यात वाईट काही नव्हतं. "पप्पा, तुमी सगळे ठोके उशिरा मारायलाव. सगळे, एकसारखे. मशीन चांगलंच हाय." आतून शिवलीला म्हणाली, "वय झालं म्हण की बापाचं." दोघी हसल्या. चन्नवीरही हसला. काठ्या ढोलावर ठेवताना त्याच्या डोळ्यासमोर मात्र भलतंच काहीतरी आलं होतं. कारखान्यातला सातवा माग.

आता हा चन्नवीर कोण, तर टॉवेलच्या कारखान्यातला जॉबर. जुने धोट्याचे अठ्ठावीस माग, बिघडले तर दुरुस्त करायचे, आणि मुख्य म्हणजे त्यांचं टायमिंग लावायचं. सव्वीस वर्षं तेच. हा ढोलसुद्धा त्यानंच बनवला होता. वायरी आणि सर्किट अंकिताचं, पण लाकूड मोडक्या मागाचं, वर ट्रॅक्टरच्या ट्यूबचं रबर. यंत्र म्हटलं की त्याचा हात शिवशिवायचा. म्हणून पोरगी पुण्याला गेल्यावरही रोज संध्याकाळी तो बसायचा. पहिले काही महिने सोनेरी पडायचं. मग पांढरं वाढायला लागलं. त्यानं आकडा वीसचा पस्तीस केला, परत सोनेरी. दिवाळीला साठ केला. मध्ये शंभर, परवा एकशे दहा. प्रत्येक वेळी सोनेरी परत यायचं आणि प्रत्येक वेळी त्याला वाटायचं, बघा, पाना कुठं फिरवायचा हे कळायला जॉबरच लागतो. यंत्र उशिरा चाललं तर यंत्र हलवायचं, हे त्याच्या हाडीमाशी खिळलेलं. कधी कधी माणूसही हलवायचा असतो हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. एखादा अडुसष्ट वर्षांचा म्हातारा असं वागला असता तर गोष्ट वेगळी, हा गडी अजून पन्नाशीचाही नव्हता.

तो संडासात जाऊन बसला, कारण घरात एकटं बसायला दुसरी जागा नव्हती, आणि त्यानं उजवा हात मांडीवर ठेवला, उचलायचं ठरवलं, उचलला. ठरवणं आणि उचलणं यांत काही आहे का ते तो शोधत होता. काहीच नव्हतं. मग परत केलं, आणि आता वाटलं की आहे, एक चिमूटभर जागा आहे, सुन्न दातावर जीभ फिरवल्यासारखी. मागावर असल्याच चिमूटभर जागेवर सगळं चालतं. धोटा म्हणजे सूत घेऊन जाणारी लाकडी नाव, दोन्ही टोकांना लोखंडाची. ताण्याचे, म्हणजे उभे, धागे वर-खाली उघडतात, मधून वाट होते, त्या वाटेतून धोटा फटक्यासरशी पार जातो, आणि वाट मिटते. मिनिटाला शंभरावर वेळा. बाकीचे जॉबर मापं लावून बघायचे, चन्नवीर नाही. तो डावा तळवा मागाच्या चौकटीवर ठेवायचा, धागे उघडल्याचा धक्का तळव्याला कळायचा, आणि फटका कानाला. तळवा आणि कान एका वेळी बोलले पाहिजेत. नाही बोलले तर बोल्ट सैल करून फटका मागं-पुढं करायचा. मालक पाहुण्यांना दाखवायचे, आमचा जॉबर बघा, मापाशिवाय. आणि तळवाच उशिरा बोलत असला तर? तर चन्नवीर फटकाही उशिरा नेणार, दोन्ही जुळेपर्यंत, आणि जुळलं की खूश होऊन पुढच्या मागाकडे जाणार. उशिरा निघालेला धोटा मिटत्या वाटेत सापडतो. सापडला की अडतो, नाहीतर उडतो.

दोन महिन्यांपूर्वी सातव्या मागाचा धोटा उडाला. सुंदरम्मा कांड्यांची टोपली घेऊन मागांमधल्या वाटेनं येत होती. सूत भरलेल्या कांड्या विणकरांना पोचवायचं तिचं काम, बारा वर्षांचं. धोट्याचं टोक तिच्या डाव्या डोळ्यात बसलं. ती खाली कोसळली तरी कांड्या विखुरल्या नाहीत, तिनं टोपली तशी घट्ट धरून खाली आणली होती, हे चन्नवीरला अजून आठवायचं. डोळा गेला. दुसऱ्या दिवशी मालकांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. "टायमिंग बरोबर होतं?" "बरोबर होतं." "मग?" तेव्हा चन्नवीर जे बोलला ते तीनच शब्द होते. "बाई मध्ये आली." खोटं बोलला का? नाही हो. त्याच सकाळी त्यानं सातव्याचं टायमिंग स्वतः लावलं होतं, तळवा ठेवून, कान देऊन. त्याला अगदी शंभर टक्के खात्री होती. संडासात बसून आता त्याला घाम फुटला तो याच खात्रीचा.

आणि त्याला त्याचे अप्पा आठवले, सिद्धप्पा, मठातल्या सोमवारच्या भजनात चाळीस वर्षं टाळ वाजवलेले. शेवटी शेवटी त्यांचा टाळ मागं पडायला लागला. एका सोमवारी भजनाच्या म्होरक्यानं सगळ्यांदेखत त्यांच्या हातातून टाळ काढून घेतला आणि म्हणाला, "सिद्धप्पा, आता नुसतं ऐका." अप्पा ऐकत बसले. घरी आल्यावर जेवले नाहीत, पुढं मठात गेले नाहीत, वर्षभरात गेले. चन्नवीर तेव्हा विशीत होता आणि त्या म्होरक्याला त्यानं आयुष्यभर माफ केलं नाही. काय बिघडलं असतं तो गप्प बसला असता तर? देव काय पळून जात होता? म्हणून असेल, दीड वर्षापूर्वी बसू विणकर, तसा त्याच्याच वयाचा, हळूच येऊन म्हणाला होता, "अण्णा, बाराव्याचा फटका मागं ओढतोय बघा जरा," तेव्हा त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यानं हातातला पाना बसूच्या हातात कोंबला आणि मागांच्या खडखडाटावरून सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडला, "घ्या, आजपासनं बसू जॉबर! मी कांड्या वाहतो." लोक हसले. बसूनं पाना खाली ठेवला, कानापर्यंत लाल झाला आणि आपल्या मागाकडे गेला. त्यानंतर चन्नवीरला कुणीच कधी काही म्हटलं नाही. त्याला तो मान वाटला होता.

साडेचारला तो घरातून निघाला. कुठं चाललाव म्हणून शिवलीलानं विचारलं तर आलोच म्हणाला. भवानी पेठेत सुंदरम्माच्या घरापर्यंत चालत वीस मिनिटं, ऊन अजून चटके देत होतं, आणि वाटेत प्रत्येक घरातून मागाचा आवाज येत होता. जन्मभर हा आवाज त्याच्या कानाला हवेसारखा होता. आज तो एकेका दारापाशी थबकत होता. हा बरोबर आहे का? हा? त्याला वाटायचं बरोबर, आणि वाटलं की लगेच वाटायचं, तुला वाटतंय ना, मग चूक असणार. उद्या सोमवार. उद्यापासून सुंदरम्मा परत कामावर येणार असं त्यानं ऐकलं होतं, त्याच वाटेवर, त्याच मागांमध्ये, आणि आता डावीकडून काही आलं तर तिला दिसणारही नव्हतं. आणि माग अठ्ठावीस होते, सगळे त्याच्या तळव्यावर लावलेले. सांगून टाकायचं, एवढंच त्यानं ठरवलं होतं. तिला सांगायचं, मग मालकाला. पुढं काय व्हायचं ते होईल. भीती होती, पण त्यात एक प्रकारचा हलकेपणाही होता, हे कबूल केलं पाहिजे. आपण खरं बोलायला निघालोय याचं त्याला स्वतःचंच थोडं कौतुक वाटत होतं.

सुंदरम्मा उंबऱ्यात बसून बिड्या वळत होती. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, डोळ्यांवर दवाखान्यातला काळा चष्मा. एका डोळ्यानं बिडी नीट साधत नसावी, बाजूला मोडलेल्या बिड्यांचा ढीग होता. "या अण्णा, बसा की," म्हणून तिनं गोणपाट सरकवलं. तो बसला. म्हणाला, "उद्या येणार म्हणे." "येणार की. मालकांनी कागद केला, चूक माजी होती म्हणून. सही केल्यावर म्हणाले, ये." मग चन्नवीरनं एका दमात सांगून टाकलं. "सुंदरम्मा, चूक तुजी न्हवती. सातव्याचं टायमिंग माझ्याकडनं चुकलं. माझा हात उशिरा पडतोय, मला कळतच न्हवतं. आज दुपारी कळलं." तिनं पान वळलं, दोरा गुंडाळला, टोक आत दाबलं. मग मान पूर्ण वळवून उजव्या डोळ्यानं त्याच्याकडे पाहिलं. "तुमाला आज कळलं?"

तिनं ते रागानं विचारलं नाही. रागानं विचारलं असतं तर बरं झालं असतं. "आमाला तर दीड वर्ष झालं की अण्णा. तुमी टायमिंग लावून पुढच्या मागाकडं गेलाव की बसू मागनं येऊन परत लावतो. तुमी पाणी प्यायला गेलाव की, चहाला गेलाव की. सगळ्या खात्याला म्हाईत हाय." "मग त्या दिवशी?" असं चन्नवीर पुटपुटला. "त्या दिवशी बसू कुटं होता? अकलूजला गेल्ता, बहिणीच्या सासऱ्याच्या मयताला. मला म्हाईत होतं की तो न्हाई. तुमी सातवा लावलेला मी बघितला होता. आवाज बी ऐकला, ओढत होता. पण पलीकडचा विणकर कांडी कांडी म्हणून वरडायला लागला, म्हटलं जाऊ पटकन. म्हणून म्हणते चूक माजीच. म्हाईत असून गेले की मी." आणि तिनं पुढचं पान घेतलं.

चन्नवीरला शरमेनं कुठं बघावं कळेना. दीड वर्ष तो ज्या खात्यात छाती काढून फिरला, तिथं प्रत्येक माणूस त्याची पाठ वळायची वाट बघत होता. "मी मालकाला सांगतो," तो म्हणाला, "उद्याच्या उद्या." सुंदरम्माचे हात थांबले. "आन मग? मालक इचारतील, दीड वर्ष कोण मागाला हात लावत होतं? बसूला काढतील. मला इचारतील, खोटी सही केली का? मला काढतील." "मग मी काम सोडतो." "तुमी गेलाव तर हे जुने माग मालक ठेवतील व्हय? कवापासनं भंगारात घालायचं म्हणतात. आमचा जॉबर हाय म्हणून चालतंय, असं तेच म्हणतात न्हवं? अठ्ठावीस माग हायत अण्णा. लोकं कुटं जातील?" तिनं हे सगळं आधीच विचार करून ठेवलं होतं, त्याच्याही आधी, एक डोळा बांधलेला असताना, खाटेवर पडून. ती जरा मऊ आवाजात म्हणाली, "तुमी फक्त येत जावा. लावत जावा. अन् लावून झालं की जरा लांब जात जावा, बसूची लई घाई होते." मग ती आत वळून चहा टाकते म्हणाली. तो नको म्हणाला नाही. तिनं चहा आणला तेव्हा कप त्याच्या हातात द्यायला तिचा अंदाज चुकला आणि थोडा त्याच्या पायजम्यावर सांडला. दोघांनीही ते पाहिलं नाही असं केलं.

घरी आला तर अंकितानं खेळात दोन नावं करून ठेवली होती, एक तिचं वीसचं आणि एक पप्पांचं, एकशे दहाचं. "आता भांडण न्हाई," ती म्हणाली, "तुमचं तुमच्यासाठी येगळं ठेवलंय." त्यानं बरं केलंस म्हटलं. ती त्याला खेळा की, खेळा की म्हणत राहिली, म्हणून तो बसलाही, आणि एकशे दहावर एक गाणं वाजवलं. सगळं सोनेरी आलं. पोरीनं टाळ्या वाजवल्या. त्यानं तिच्याकडे न बघता काठ्या खाली ठेवल्या.

सकाळी आठला माग सुरू झाले. चन्नवीर पाना घेऊन ओळीनं निघाला आणि सातव्यापाशी आला. सातवा त्यानं शनिवारी अगदी सुटताना लावला होता, बसूचा हात त्याला अजून लागला नसणार. त्यानं डावा तळवा चौकटीवर ठेवला. कान दिला. तळवा आणि कान अगदी एका वेळी बोलत होते, इतके गोड जुळले होते की त्याला रडू कोसळायचं बाकी होतं, कारण आता ते जुळणं म्हणजे काय हे त्याला कळत होतं. माप लावून बघावं का? आयुष्यात कधी माप न लावलेला जॉबर आज माप लावतोय म्हटल्यावर केबिनच्या काचेतून मालक बघणारच. त्यानं पाना लावला, बोल्ट उगाच सैल केला, उगाच आवळला. पलीकडे बसू मान खाली घालून तुटका धागा जोडत होता. तो जरा जास्तच वेळ जोडत होता. "मी पाणी पिऊन येतो," चन्नवीर म्हणाला, कधी नव्हे ते मोठ्यानं, आणि माठाकडे गेला. तांब्या भरला. हळूहळू प्याला. परत भरला. पाठीमागे सातवा थांबला, थोडा वेळ गेला, आणि परत चालू झाला. चन्नवीर वळला नाही. त्यानं जीव कानात आणून ऐकलं, आधीचा सातवा आणि आत्ताचा सातवा, आणि त्याला काडीचाही फरक कळला नाही. मग त्यानं वळून बघितलं. वाटेच्या तोंडाशी टोपली कमरेवर घेऊन सुंदरम्मा थांबली होती, मान एका बाजूला करून ऐकत. तिनं थोडा वेळ ऐकलं, आणि मग ती आत शिरली.